मृताची चूक

ब्रिटिश हिंदुस्थानात खाणींचे मुख्य निरीक्षक दरवर्षी एक अहवाल छापत. त्या वर्षी खाणींत जे मेले, त्यांची त्यात कारणवार वाटणी असे. एक खण दैवयोगाचा, म्हणजे कोणाचाच दोष नाही असा. दुसरा खण ‘मृताची चूक’. तिसरा सोबतच्या कामगाराची चूक. मग खालच्या अधिकाऱ्याची चूक, आणि या उतरंडीत पार खाली व्यवस्थापनाची चूक. बहुतेक मढी पहिल्या दोन खणांत मावत.

धर्मग्रंथ मी फार उशिरा उघडले. त्याआधी असले अहवाल वाचले होते. आजही मला वाटतं, की आपल्याकडे कर्म-कर्म म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा इतका नेटका तक्ता दुसऱ्या कोणी मांडला नसेल. माणूस मेला तर एक तर त्याचं नशीब, नाहीतर त्याचंच करणं. गोऱ्या निरीक्षकाला पूर्वजन्म ठाऊक नव्हता. त्याची गरजही पडली नाही.

मी चंद्रपूरकडचा. वडील कोळशाच्या खाणीत लोडर होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होतो म्हणतात. मला आठवतो तो फक्त धुरळा. घरातले देव त्याच आठवड्यात इरई नदीत गेले. पण वडील पाळीला उतरण्याआधी खाणीच्या तोंडाशी वाकून माती कपाळाला लावत, ते काही सुटलं नाही. माय त्यावरून टोचायची. ते म्हणायचे, “देवाला थोडंच करतो? जिच्या पोटात जायचं तिला सांगून जावं.”

पुढे मी आयटीआय केलं, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागलो, आणि ऐंशीच्या दशकात माझी रवानगी कोलारला झाली. लोडरचा पोरगा शिकून-सवरून परत खाणीतच गेला, असं माय शेजारणींना सांगायची. तिचं खोटं नव्हतं.

कोलार गोल्ड फील्ड्स म्हटलं की आजच्या पोरांना सिनेमा आठवतो. त्या सिनेमात काय आहे ते असो. खरी गोष्ट अशी, की म्हैसूर संस्थानातल्या कोलार जिल्ह्यात टिपूच्या पाडावानंतर वॉरन नावाच्या ब्रिटिश फौजेतल्या लेफ्टनंटने गावकऱ्यांकडून माती धुऊन घेतली आणि १८०२ साली सोन्याची खात्री केली. त्यानंतर सत्तर वर्षांनी लॅव्हेल नावाच्या आयरिश शिपायाने परवाना मिळवला, आणि १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सनी कारभार हाती घेतला. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाव, नंदीदुर्ग अशा खाणी. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज दीडशेएक किलोमीटर तारांवरून आली ती या खाणींसाठी. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. आणि खाली लाइनींमध्ये बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, त्यांत उत्तर अर्काटकडून आलेली तमिळ माणसं, बहुतेक परैयार या दलित जातीची. आम्ही पोचलो तोवर तट्ट्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी भिंती आल्या होत्या. खोली तेवढीच होती.

चॅम्पियन रीफ खाणीत २.३ किलोमीटर खोल आमचं उपकरण होतं. १९६५ साली याच खाणीत मुंबई, ओसाका आणि डरहॅमच्या गटाने वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा टिपल्या होत्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या एका गटाने, तेही सोन्याच्याच खाणीत. इतकं खोल भोक दुसऱ्या कशासाठी कोण पाडणार! आमच्या वेळी प्रोटॉन मोडतो का, हे पाहणं चाललं होतं. १४० टन लोखंडाचे पत्रे, त्यांच्या थरांमध्ये वायू भरलेल्या चौकोनी नळ्या. नळी गळते का, तार तुटली का, हे बघायचं काम माझं. केज, म्हणजे खाणीचा पाळणा, सुटली की कानांत दडे बसायचे, मग हवा अंगाला चिकटू लागायची. सर्वांत खालच्या लेव्हलना खडकाचं मूळ तापमान ६५ अंशांच्या वर होतं. तिथे गार हवा सोडून सोडून माणूस टिकवायचा.

मला सोनं बघायचं होतं. आमच्या केजमध्ये रोज एक मेस्त्री असायचा, पन्नाशीचा, दातांत कायम पानाचा लाल चोथा. एकदा मोकळ्या वेळात त्याने मला एका स्टोपपाशी, म्हणजे खोदकाम चाललेल्या पोकळीपाशी, नेलं. काळपट हिरव्या खडकात हातभर रुंदीचा क्वार्ट्झचा निळसर-राखाडी पट्टा तिरका खाली उतरत गेला होता. दिव्याच्या उजेडात मी डोळे फोडून बघितलं. सोन्याचा कण नाही. मेस्त्री हसून म्हणाला, “आम्हालाही दिसत नाही. माझ्या बापाने कधी पाहिलं नाही, मीही नाही. ते गिरणीत दिसतं, साहेबांना.” सुरुवातीच्या वर्षांत टनाला चाळीस ग्रॅमच्या वर सोनं मिळे, अखेरीस पाचच्याही खाली. उरलेलं सगळं दगडाचं पीठ. त्याचे डोंगर अजून तिथे उभे आहेत. सायनाइडचे डंप म्हणतात त्यांना, आणि वारा सुटला की गावभर पांढरी भुकटी.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगी ढेकूळ, दगड आणि सोनं यांत फरक करत नाही. त्या पायरीवर पोचायला लोक हिमालयात जातात. मेस्त्रीची तिसरी पिढी त्या पायरीवर जन्मापासून उभी होती, आणि फळाची अपेक्षा न धरता कर्म करणं, ज्यासाठी टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात एवढा ग्रंथ लिहिला, तेही त्यांच्याकडून बिनचूक घडत होतं. फळ लंडनच्या भागधारकांत वाटलं जाई. टिळकांची थट्टा म्हणून हे लिहीत नाही. ज्याच्या हातात फळ येऊ शकतं, त्याने ते सोडावं, या शिकवणीला अर्थ आहे. ज्याला फळ दिसूच दिलेलं नाही, त्याला तीच शिकवण ऐकवली की तिचं काय होतं, एवढंच मी विचारतोय. आणि तिथे तर उलटंच होतं: वर येताना त्या योग्याची झडती घेत. १९३० साली बोटांच्या ठशांची नोंदणी सुरू करायला निघाले, तेव्हा कामगारांनी संप करून खाणी बंद पाडल्या. चोर समजतात, हा राग होता. पगाराची मागणी त्यानंतरची.

आता अपघात. कोलारचा अपघात म्हणजे एअर ब्लास्ट. पुस्तकात त्याला रॉक बर्स्ट म्हणतात, पण लाइनीत सगळे जुनंच नाव घेत. माझ्या वाट्याला मोठा कधी आला नाही. एकदा पहाटे क्वार्टरमध्ये झोपलो असताना भांडी वाजली आणि खालून कोणीतरी जमिनीला गुद्दा मारल्यासारखं झालं. बाहेर आलो तर लाइनीतल्या बायका शाफ्टकडे चालायला लागल्या होत्या. कोणी रडत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. पाळीची माणसं कोणत्या लेव्हलला आहेत हे प्रत्येकीला पाठ होतं. त्या दिवशी सगळे वर आले.

हे होतं कसं, ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद इथे अडकलेला आहे. पट्टा काढला की पोकळी राहते. तिच्यावरच्या दीड-दोन किलोमीटर खडकाचा भार नाहीसा होत नाही, तो बाजूच्या खडकावर आणि मध्ये सोडलेल्या खांबांवर सरकतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ, दबत नाही, वाकत नाही. ताण साठत जातो आणि एका क्षणी खडक फुटून आतल्या पोकळीत उडतो. म्हणून तिथे पोकळ्यांत ग्रॅनाइटच्या घडीव दगडांच्या भिंती रचत, नंतर काँक्रीट, नंतर गिरणीतली वाळू भरू लागले. एकोणिसावं शतक संपताना, खाणी आजच्या मानाने उथळ असतानाच, हे स्फोट सुरू झाले होते. १९५२ मध्ये चॅम्पियन रीफमध्ये झालेला मोठा स्फोट जुनी माणसं आमच्या वेळीही सनावळीसारखा वापरत: त्याच्या आधी लग्न झालं, त्याच्या नंतर पोरगा झाला. खडक नेमका कधी फुटेल, हे सांगता येत नाही. पण कुठे फुटण्याची शक्यता जास्त, ते बरंच सांगता येतं. अर्धवट काढलेला खांब, दोन बाजूंनी एकमेकांकडे येत चाललेलं खोदकाम, जवळून गेलेला जुना भ्रंश. आणि खांब ठेवायचा की काढायचा हे खडक ठरवत नाही. ते वर टेबलावर, नकाशा पसरून ठरतं.

मेस्त्रीचा थोरला भाऊ असाच गेला होता, कंपनीच्या काळात. ही गोष्ट त्याने मला त्याच्या घरी सांगितली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शेजारी पांढरा फेटा बांधलेल्या एका माणसाचा, ज्याला मी ओळखलं नाही. मृत्यूनंतर चौकशी झाली. आईला विचारलं, तेव्हा तिने ‘नशिबात होतं’ एवढंच उत्तर दिलं. मी नव्या दमाचा बौद्ध, मला ते टोचलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून नशीब काय म्हणता, असं मी जवळजवळ बोलून गेलो. मेस्त्री म्हणाला, “दुसरं काय म्हणणार होती? चौकशीत विचारत होते, त्याने वरचा खडक ठोकून पाहिला होता का, सांगितलेली जागा सोडून पुढे गेला होता का. नशीब नाही म्हटलं असतं तर चूक त्याची झाली असती. मग लाइनीत आयुष्यभर बेफिकिराची आई म्हणून राहायचं. माझीही खाली भरती झाली नसती.”

हे मला कुठल्या ग्रंथात मिळालं नव्हतं. आपण पुरोगामी लोक दैववादाला अज्ञान म्हणून मोकळे होतो. त्या म्हातारीने तक्ता नीट वाचला होता. दोनच खण तिच्या आवाक्यात होते. एकात तिचा मुलगा दोषी ठरत होता, दुसऱ्यात निर्दोष. तिने दुसरा निवडला. पार खालचा, खांब कोणी काढायला लावला हा, तिच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. देवळात बसून दैव सांगणारा आणि चौकशीत उभं राहून दैव सांगणारी, दोघांच्या तोंडी एकच गोष्ट असली तरी ती एकच नाही. पहिला कोणाला तरी सोडवतो आहे. दुसरी मेलेल्याला वाचवते आहे.

तो फेटेवाला माणूस म्हणजे अयोथीदास पंडितर. १८९८ मध्ये कोलंबोला जाऊन त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली, मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला, १९०७ पासून एका पैशाचं तमिळ साप्ताहिक चालवलं. परैयार हे मूळचे बौद्ध, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या संघाची कोलारच्या खाणपट्ट्यातल्या मारिकुप्पमची शाखा खाण कामगारांनी चालवली, आणि पंडितर १९१४ मध्ये गेल्यावर त्यांचं लेखन पुस्तकरूपाने निघत राहिलं ते कोलारमधल्याच प्रकाशनातून. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीच्या आधी चाळीस-पन्नास वर्षं, जमिनीखाली पाळी करून वर आलेली माणसं संध्याकाळी दिव्याखाली धम्मावर वाद घालत होती. आमच्याकडे याची गंधवार्ता नव्हती. आजही जयंतीच्या भाषणांत हे नाव क्वचितच येतं. महाराष्ट्राबाहेर काही घडलं असेल, हे आपल्याला जरा जडच जातं.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजचं दुःख ठरतं, या मताला हात घातला आहे. त्यांचा मुद्दा साधा आणि धारदार आहे: असं मत काढण्याचा हेतू एकच दिसतो, गरीब आणि खालच्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर येऊ नये. कोलारला मी ते पान परत वाचलं, तेव्हा ‘समाज’च्या जागी ‘संचालक मंडळ’ घालून पाहिलं. चपखल बसलं.

त्यांच्याही मागे जाऊन मूळ सुत्त बघितलं तर आणखी गंमत आहे. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे काही सुखदुःख भोगतो, ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपलं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात, ते जास्तीचं बोलतात. आणि आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतूतला बदल, स्वतःची नीट निगा न राखणं, दुसऱ्याने केलेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. आठांतलं एक. माझ्या मते हा तक्ता निरीक्षकाच्या तक्त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

मग एअर ब्लास्ट कुठल्या खणात? मी तो सातव्यात घालतो, परक्याने केलेल्या आघातात. चंद्रपूरला आमच्या विहारात एक भंते येतात, पाली चांगलं जाणतात. त्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, आघाताला चेतना लागते, हेतू लागतो. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. लंडनच्या भागधारकाच्या मनात मेस्त्रीच्या भावाला मारायचं होतं का? नव्हतं. त्याला लाभांश हवा होता, एवढंच. मग त्याचं फार तर लोभाचं कर्म होईल, हत्येचं नाही.

हा आक्षेप हलका नाही, आणि त्याला उत्तर मला धम्माने नाही, आमच्या उपकरणाने दिलं. एक प्रोटॉन केव्हा मोडेल, हे कोणीही सांगू शकत नाही. मोडायला काही निमित्त लागत नाही. म्हणून तर १४० टन लोखंड गोळा केलं होतं. एकट्याचं काहीच सांगता येत नाही, पण एवढे एकत्र आणले तर वर्षाला साधारण किती, याचा आकडा कागदावर मांडता येतो, आणि त्या आकड्यावर विसंबूनच प्रयोगाचा खर्च मंजूर होतो. (आमच्या यंत्रात सापडलेल्या काही घटना प्रोटॉनच्या असाव्यात, असं एकदा वाटलं होतं, इतर देशांतल्या मोठ्या यंत्रांनी ते टिकू दिलं नाही. ते जाऊ द्या.) खाणीचंही असंच. कोणता माणूस, कोणत्या पाळीला, हे नशीब म्हणा, योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. पण एवढ्या खोलीवर, इतके खांब काढून, अमुक इतकी माणसं लावली तर वर्षाकाठी काही मरणार, हे दहा वर्षांचे आकडे समोर असलेल्या कोणालाही कळतं. ते कळूनही तोच नकाशा पुढच्या वर्षी मंजूर होतो, तेव्हा त्यात चेतना नाही असं कसं म्हणायचं? नाव ठाऊक नसलेल्या माणसाबद्दलही हेतू असू शकतो. किती मेले तर चालेल, याची तयारी हा सुद्धा हेतूच.

आणि जिथे स्फोट नाही, आवाज नाही, तिथे काय? दगडाचं पीठ फुप्फुसात बसत जातं. चाळीसच्या दशकात कोलारच्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना सिलिकोसिस निघाला. १९४७ मध्ये हे छापून आलं. हे मरण अपघाताच्या तक्त्यात येत नाही, कारण त्याला तारीख नाही. पंधरा वर्षं ड्रिल धरलेला माणूस गावी जाऊन खोकत मरतो, आणि त्याची नोंद झालीच तर क्षय म्हणून. कर्म हळूहळू पिकतं आणि फार उशिरा फळतं, असं जे आपण ऐकत आलो, त्याचं इतकं शब्दशः उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही. फक्त पेरणारा एक आणि पीक दुसऱ्याच्या छातीत. मेस्त्रीलाही तो खोकला होता. मी त्याला आठ कारणं सांगितली, तेव्हा त्याने विचारलं, धूळ कशात? मी म्हटलं, सहावं असेल, निगा न राखणं. तो म्हणाला, “कोणी?”

सुत्तात तिथे स्वतःचीच निगा अभिप्रेत आहे. म्हणजे परत मृताची चूक. हे मला भंतेंपुढे मांडायचं होतं, आणि मागच्या वर्षावासात मांडलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत कारखाना नाही, भागधारक नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मग यादी वाढवायला काय हरकत, असं मी म्हटलं. ते म्हणाले, यादी वाढवायची गरज नाही, कारणपरंपरा पुरेशी आहे: हे आहे म्हणून ते आहे. खांब काढला म्हणून ताण, ताण म्हणून स्फोट. खांब काढला तो सोन्यासाठी. “आणि सोनं कोणासाठी?” असं विचारून त्यांनी माझ्या बायकोच्या गळ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळलं.

मी म्हटलं, कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. ते म्हणाले, त्याने काय होतं? वितळवलेल्या सोन्यावर खाणीचं नाव उरत नाही. मी म्हटलं, अशी साखळी लांबवत नेली तर सगळेच दोषी, आणि सगळे दोषी म्हणजे कोणीच नाही. हीसुद्धा मालकाच्या सोयीचीच वाट झाली. अंतराप्रमाणे दोष कमी होत गेला पाहिजे. नकाशावर सही करणाऱ्याचा आणि मंगळसूत्र घालणारीचा एकाच मापाने कसा मोजणार? त्यावर त्यांनी विचारलं, “अंतर मोजायचं कशाने?” मी म्हटलं, माहितीने. ज्याला आकडे ठाऊक होते तो जवळचा, मग तो लंडनला का असेना. अहवाल छापून जात होते, कोणालाही वाचता येत होते.

ते म्हणाले, “मग तू फार जवळचा झालास.”

यंदाच्या वर्षावासातही ते येणार आहेत. तोवर मला त्या सहाव्या कारणाबद्दल, विसम परिहाराबद्दल, अट्ठकथा काय म्हणते ते वाचून ठेवायचं आहे, आणि बायकोने माझ्या आधीच त्यांना जेवणाचं निमंत्रण धाडलं आहे. तिचा मुद्दा वेगळा आहे. तो ती स्वतःच मांडणार म्हणते.